न दुखणारं दुखणं आणि आशाताईंचा मोबाइल

‘अंगावर काढणं’ हा आपल्या मराठीतला मोठा बोलका शब्दप्रयोग. आणि तो बहुतेक वेळा वापरला जातो तो बाईच्याच बाबतीत. ताप अंगावर काढला, कंबरदुखी अंगावर काढली, गुडघे तर वर्षानुवर्षं अंगावर काढले. ‘एवढं काय त्यात, होईल बरं’ असं म्हणत ती पुन्हा कामाला लागते. पण या दुखण्यांचं निदान एक बरं असतं. ती दुखतात. एक दिवस इतकी दुखतात की घरच्यांना तिला दवाखान्यात न्यावंच लागतं.

उच्च रक्तदाबाचं, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं ‘बीपी’ म्हणतो त्याचं, तसं नाही. ते दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखलं किंवा चक्कर आली तरच बीपी वाढलेलं असतं, ही आपली एक ठाम समजूत आहे आणि ती चुकीची आहे. वरचा आकडा 170 असलेली बाई सकाळी उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, शेतात किंवा ऑफिसात जाते. तिला काही म्हणजे काही जाणवत नाही. आत मात्र हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं आणि डोळे यांच्यावर रोज ताण पडत असतो. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. ‘बाईवरनं वारं गेलं’ म्हणून गावभर बातमी होते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 वर्षांवरच्या बायकांपैकी सुमारे 21 टक्के जणींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी गोळ्या घेत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण 24 टक्के होतं. म्हणजे आपल्या भिशीत दहाजणी असतील तर त्यातल्या दोघींचा हा प्रश्न आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासाने तर देशात साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज दिला. आणि हा फक्त शहरातल्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे असं कुणी समजत असेल, तर आपल्या गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या 86 गावांत मृत्यूंची कारणं तपासली. 2015 साली त्यांनी जे मांडलं ते धक्कादायक होतं. या गावांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण होतं पक्षाघात. दर सात मृत्यूंपैकी एक त्याने झालेला. आणि पक्षाघातामागचं सर्वांत मोठं कारण म्हणजे न मोजलेला, न आवरलेला रक्तदाब.

मग जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो, दवाखाना दोन तासांच्या अंतरावर आहे, तिथे हे न दुखणारं दुखणं शोधणार कोण? याचं उत्तर गेल्या काही वर्षांत हळूहळू आकार घेतं आहे. ते उत्तर म्हणजे गावातलीच एक बाई, तिच्या पिशवीतलं बीपीचं मशीन आणि तिच्या हातातला मोबाइल.

पिशवी घेऊन दारात

आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने माझं सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत जाणं होतं. एकदा एका आशाताईंबरोबर सकाळभर फिरले. वय असेल अडतीस-चाळीस. खांद्याला पिशवी, त्यात रजिस्टर, बीपीचं छोटं डिजिटल मशीन, गोळ्यांची पाकिटं आणि कव्हर फाटलेला मोबाइल. पहिल्याच घरी एक आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“काय आजी, गोळी घेतली का आज?”

“घेतली की गं.”

“दावा बघू पाकीट.”

आजी कुरकुरत उठल्या. फळीवरच्या डब्यातून पाकीट निघालं. महिन्याचा हिशोब केला तर आठ गोळ्या उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या एकोणीस.

“आता बरं वाटतंय मला. म्हनून एका आड एक घेते. संपल्या म्हंजी परत यष्टीनं जायाचं, दिसभर रांगंत बसायचं, कोन करतंय?”

आशाताई रागावल्या नाहीत. आजींना भिंतीला टेकून बसवलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही, आणि दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा आला 168 आणि 96. तो त्यांनी आजींना मोठ्याने वाचून दाखवला. “बरं वाटतंय म्हणता ना? हे बघा, मशीन काय म्हणतंय.” मग तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिला, मोबाइलमध्ये भरला आणि म्हणाल्या, “ह्या गोळ्या रोज घ्या. संपायच्या आधी मी आणून देते. रांग माझ्याकडं लागली.” आजी हसल्या. बाहेर पडल्यावर आशाताई मला म्हणाल्या, “मॅडम, ह्यांचं नाव मला काल सिस्टरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तारीख उलटून बारा दिवस झाल्यात. नाहीतर साठ-सत्तर बीपीवाले आहेत माझ्याकडं, कोण आलं, कोण नाही, ध्यानात कसं राहणार?”

या एका वाक्यात मोबाइलचं खरं काम आलं. बीपीच्या उपचारातला सर्वांत अवघड भाग निदान नाही आणि गोळी लिहून देणंही नाही. सुरू केलेला माणूस टिकवून ठेवणं हा अवघड भाग आहे. तापाचा रुग्ण बरा झाला की परत येत नाही आणि ते योग्यच असतं. बीपीचा रुग्ण मात्र ‘बरा’ वाटत असतानाच परत यायला हवा असतो, आणि तोही दर महिन्याला.

तारीख चुकलेल्यांची यादी

नोव्हेंबर 2017 मध्ये देशात एक उपक्रम सुरू झाला. त्याचं नाव ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटनेचं भारतातलं कार्यालय आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था असे सगळे त्यात होते. सुरुवात पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत झाली. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि आपला महाराष्ट्र. आपल्याकडचे पहिले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा.

या उपक्रमाची सूत्रं अगदी घरगुती व्यवहारासारखी साधी होती. पहिलं, उपचार सगळीकडे एकसारखा. कुठली गोळी आधी, ती पुरली नाही तर पुढची कुठली, हे राज्यापुरतं एका कागदावर ठरलेलं. बहुतेक ठिकाणी सुरुवात अम्लोडिपिनने. दुसरं, ठरलेल्या गोळ्या मोजक्या, त्यामुळे त्यांचा साठा कायम ठेवणं सोपं. तिसरं, सगळा भार एकट्या डॉक्टरवर न टाकता नर्स, फार्मासिस्ट, आशा यांनी वाटून घ्यायचा. चौथं, रुग्णाचे हेलपाटे कमी करायचे. गोळ्या एका वेळी निदान महिनाभराच्या द्यायच्या आणि घराजवळच्या उपकेंद्रात मिळतील असं पाहायचं. आणि पाचवं, प्रत्येक रुग्णाची नोंद अशी ठेवायची की कोण आलं नाही ते लगेच कळावं.

काही राज्यांनी ही नोंद कागदी कार्डांवर ठेवली. पंजाब आणि महाराष्ट्रात त्यासाठी ‘सिंपल’ नावाचं मोबाइल ॲप वापरलं गेलं. नावाप्रमाणेच ते साधं होतं. रुग्णाला एक छोटं कार्ड मिळायचं, त्यावर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड. पुढच्या खेपेला सिस्टरने तो मोबाइलने टिपला की जुनी सगळी नोंद समोर. आजचा आकडा भरायचा, गोळ्या तपासायच्या, पुढची तारीख द्यायची. झालं. नेटवर्क नसेल तरी नोंद भरता यायची, रेंज आली की ती आपोआप पुढे जायची. सगळ्यांत उपयोगी पडली ती तारीख चुकलेल्यांची यादी. सिस्टर त्या यादीवरून थेट फोन लावू शकायची. फोन लागला नाही तर नाव आशाताईंकडे जायचं.

याचा उपयोग झाला का? पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगण या चार राज्यांतल्या 24 केंद्रांचा 2018-19 मधला अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. नाव नोंदवताना ज्यांचा रक्तदाब आटोक्यात होता असे रुग्ण साधारण चौथा हिस्सा होते. नंतरच्या भेटीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं. 2022 पर्यंत हा उपक्रम 23 राज्यांतल्या 130 हून जास्त जिल्ह्यांत पोचला होता, 34 लाखांहून अधिक लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पातळीवरचा पुरस्कारही त्याला मिळाला. आणि योगायोग पाहा, त्याच 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला.

2020 च्या टाळेबंदीत या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. एसट्या बंद, दवाखान्यात जायची भीती, आणि बीपीवाल्यांना करोनाचा धोका जास्त. तेव्हा अनेक गावांत गोळ्या घरपोच गेल्या त्या आशा आणि नर्सताईंमुळेच. यादी हातात होती म्हणून कुणाच्या दारात काय न्यायचं हे त्यांना ठाऊक होतं.

फोन कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, इथवर वाचून वाटेल की चला, मोबाइल आला आणि प्रश्न सुटला. पण बायकांच्या बाबतीत प्रश्न इतक्या सहज सुटत नाहीत, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

याच फेरीत आम्ही एका घरी गेलो. घरात चौतीस-पस्तीस वर्षांची सून. दुसऱ्या बाळंतपणात तिचं बीपी खूप वाढलं होतं. बाळंतपणानंतर ते उतरलं, पण गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढे आयुष्यात ते पुन्हा मागे लागण्याचा धोका जास्त असतो. तसंच झालं. आशाताईंच्या पाहणीत ते सापडलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आणि घरात वादळ उठलं. ‘एवढ्या तरण्या वयात बीपी? माहेरच्यांनी लपवून ठेवलं असणार.’ त्या दिवसापासून ती गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते आणि पहाटे सगळे उठायच्या आत घेते.

आता गंमत अशी, गंमत कसली, काळजीचीच गोष्ट, की केंद्रात नाव नोंदवताना जो मोबाइल नंबर दिला होता तो नवऱ्याचा. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. तारीख चुकली की आठवणीचा फोन जाणार नवऱ्याकडे. एकदा तो गेलाही. त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आशाताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन तिच्या नावापुढे स्वतःचा नंबर लिहवून घेतला. “आता फोन मला येतो, मी पाण्याला गेल्यावर तिला सांगते,” म्हणाल्या.

दुसऱ्या कितीतरी घरांत नंबर असतो पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचा. आठवणीचा मेसेज त्याच्या खिशात वाजतो. तो कंपनीत असतो, आई गावात. घरातला फोन आजोबांच्या कमरेला, रिचार्ज संपलेला. चौकशी केली तर प्रत्येक आशाताईकडे अशी डझनभर उदाहरणं असतात. म्हणून यादी फोनवर तयार झाली, तरी ती संपवायची तर चालत जाऊन दार वाजवावं लागतं. फोन घरातल्या पुरुषाला लागतो, आशाताई थेट चुलीपाशी पोचते. तिला घरात येऊ देतात, पाणी देतात, तिच्यापुढे पिठाचा डबा उघडतात.

मशीनने सांगितलं, पुढे काय?

दुसरा एक अनुभव आंध्र प्रदेशातला आहे. तिथल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात 18 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात ‘स्मार्टहेल्थ’ नावाचा मोठा प्रयोग झाला. आशांना टॅबलेट दिले. घरोघरी जाऊन त्या बीपी मोजत, वय, तंबाखू, मधुमेह वगैरे माहिती भरत. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका किती आहे ते टॅबलेट रंगांतून सांगे. ज्यांना धोका जास्त त्यांची नावं डॉक्टरांकडे जात, कुठलं औषध योग्य ठरेल याचा सल्लाही त्यांच्या स्क्रीनवर येई. 2019 मध्ये निष्कर्ष आले. डॉक्टरांकडे पाठपुराव्याला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, ही चांगली बाजू. पण ज्यासाठी हे सगळं केलं ते रक्तदाबाचं नियंत्रण, त्यात लक्षणीय फरक पडला नाही.

हा निष्कर्ष लपवून ठेवण्यासारखा नाही, उलट तो घरोघर सांगण्यासारखा आहे. आशाने धोका शोधला, तरी गोळी लिहायला डॉक्टर जागेवर हवा, गोळी केंद्रात शिल्लक हवी, आणि पुढच्या महिन्यातही हवी. या साखळीतली एक कडी निसटली तर उत्तमातला उत्तम टॅबलेट काय करणार? यंत्राने नाव शोधून काढलं, बाई यष्टीने दवाखान्यात गेली आणि ‘गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या’ असं ऐकून परत आली, तर ती पुन्हा कशाला जाईल?

याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांतल्या 30 ग्रामीण वस्त्यांत एक अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तंत्रज्ञानाचा फारसा गाजावाजा नव्हता. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या डिजिटल मशीन घेऊन दर तीन महिन्यांनी घरी जात, बीपी मोजत, मीठ कमी करा, गोळी सोडू नका असं समजावत, आणि आकडा जास्त असेल तर प्रशिक्षण दिलेल्या डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनी, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांचा वरचा आकडा सरासरी पाच अंशांहून थोडा जास्त उतरला. पाच म्हणजे किरकोळ वाटेल. पण सबंध वस्तीचा आकडा पाचने उतरला तर पक्षाघाताचे आणि हृदयविकाराचे कितीतरी झटके टळतात.

हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. माणसं, गोळ्या आणि डॉक्टर जागेवर असतील तर मोबाइल त्यांचं काम सोपं करतो. ते नसतील तर तो त्यांची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे हे काही नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं, तेव्हा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका बनवलं. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता. विश्वास होता, शिक्षण होतं आणि पाठीशी उभा असलेला दवाखाना होता.

तिचं ओझं कोण मोजणार?

आता थोडं आशाताईंबद्दल. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक आशा, आणि मुख्य काम माता-बालकांचं. पुढे क्षय आला, कुष्ठरोग आला, करोना आला. 2018 पासून आरोग्यवर्धिनी केंद्रं आली, 2023 मध्ये त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, आणि तिशीवरच्या प्रत्येकाची बीपी, मधुमेह, कर्करोगासाठी तपासणी हे कामही आलं. प्रत्येक माणसाचा अर्ज भरायचा. वय काय, तंबाखू खाता का, दारू घेता का, आई-वडिलांना बीपी-शुगर होतं का, आणि कमरेचा घेर किती? यातलं शेवटचं मोजणं म्हणजे बायकांच्या हास्याचा धबधबा. “टेप पुरंल का गं?” असं विचारणाऱ्या काकू प्रत्येक गल्लीत भेटतात.

कागदावर भरलेलं पुन्हा मोबाइलमध्ये भरायचं. रात्री पोरं झोपली की आशाताईंची ‘एन्ट्री’ सुरू होते. रेंजसाठी गच्चीवर, नाहीतर देवळाच्या पायरीवर. महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांपैकी कित्येकींची हीच कहाणी. 2021 मध्ये अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाइल परत केले होते ते आठवत असेल. मोबाइल जुने, सारखे बंद पडणारे, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत! 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हाही मानधनवाढीबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही त्यांची एक मागणी होती. त्यांचा मोबाइलला विरोध होता असं मला वाटत नाही. एकच माहिती तीनदा भरायला, स्वतःच्या खर्चाने रिचार्ज मारायला आणि त्याचा मोबदला न मिळायला त्यांचा विरोध होता. घरकाम करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या कामाचा हिशोब कुणी मांडत नाही ते काम म्हणजे काय, हे आपण जन्मभर पाहत आलोय.

एका आशाताईंनी मला विचारलं, “मॅडम, माझं स्वतःचं बीपी कोण मोजतं?” मग त्यांनीच पट्टा दंडाला लावला, मी बटण दाबलं. आकडा होता 146 आणि 92. दोघी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात गेल्या, पुन्हा मोजून घेतलं. मग आठवडाभराने आणखी एकदा. आता त्याही गोळी घेतात आणि स्वतःचं नाव त्यांनी आपल्याच यादीत घातलं आहे.

आपण काय करू शकतो?

शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटेल, हे सगळं गावाकडचं. पण गावाकडची आई-सासू आपलीच आहे ना? तिचं बीपीचं कार्ड असेल तर त्यावर नंबर कुणाचा आहे ते विचारा. तुमचा असेल आणि मेसेज आला, तर ‘नंतर बघू’ म्हणून पुसून टाकू नका, लगेच फोन करा. तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर आपल्या फोनमध्ये असू द्या. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंनाही विचारा, शेवटचं बीपी कधी मोजलं? बहुतेक जणींचं उत्तर ‘बाळंतपणात’ असं येतं.

गोळी ‘एकदा सुरू केली की जन्मभराची’ या भीतीने ती टाळणाऱ्याही पुष्कळ. पण चष्माही जन्मभराचाच असतो, आपण तो घालतोच ना? अम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. तसं झालं तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात. आणि मीठ! जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि तेही दिवसभरातलं सगळं धरून. आपलं लोणचं, पापड, कुरडया, ठेचा, वरून घेतलेलं मीठ मोजलं तर काय होईल ते प्रत्येकीने आपापल्या ताटात पाहावं. मिश्री आणि तंबाखूबद्दल तर वेगळं सांगायलाच नको.

बचत गटाच्या बैठकीत एक मशीन ठेवता येतं. आमच्याकडच्या एका गटाने वर्गणी काढून ते घेतलं आणि महिन्याच्या हप्त्याच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे आणखी एक रकाना आखला. हप्ता भरला की दंड पुढे करायचा. ज्यांचे आकडे सलग जास्त आले त्यांना आशाताईंनी केंद्रात नेलं. पहिल्या तीन महिन्यांत अशा पाचजणी निघाल्या. त्यांपैकी चौघींना आपल्याला बीपी आहे हे माहीतच नव्हतं.

आपल्याला घरातलं सगळं पाठ असतं. गॅस कधी लावला, दुधाचे किती झाले, मुलाला गणितात किती मिळाले. स्वतःचा एक आकडा तेवढा माहीत नसतो. तो माहीत करून घ्या. आणि तुमच्या गावात, वस्तीत आशाताई पिशवी घेऊन आल्या तर त्यांना दारातूनच ‘आम्हाला काही नाही’ म्हणू नका. काही नाही, हे ठरवायला दंडाला पट्टा लावावा लागतो.

बीपी मोजताना एवढं पाहा

• मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावं.

• पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं शांत बसावं. पायावर पाय नको. मोजताना बोलू नये.

• पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून मोजलं तर आकडा चुकू शकतो.

• एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

• वेगवेगळ्या दिवशी आकडा 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना दाखवावं. 180/110 च्या वर असेल तर त्याच दिवशी.

• तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक झालं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करावा.